चाक फिरल्यावर

मलकापूरला माझी पहिली नोकरी लागली आणि मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायला गेले, त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून त्याची मूठ स्वतःच्या कानाला लावली. मी दारात उभी. हमाल पैशांसाठी खोळंबलेला. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकल्यावर ते म्हणाले, "बाई, पेटीत घड्याळ हाये तुमच्या. अन् थे मागं पडून राह्यलं." घड्याळ होतं, वडिलांनी दिलेलं, गजराचं. रोज दहा मिनिटं मागेही पडायचं. मला कौतुक वाटण्याऐवजी रागच आला. परक्या बाईच्या ट्रंकेला कान लावतात म्हणजे काय! पण त्या घरात मी पुढे नऊ वर्षं राहिले, आणि त्यांनी कान लावला नाही अशी एकही वस्तू तिथे मला दिसली नाही. पिठाची गिरणी, शाळेची घंटा, शेजारची गाभण म्हैस, सगळ्यांना तो स्क्रूड्रायव्हर लागून गेलेला होता. एका थंडीत मला खोकला झाला तर दारातूनच म्हणाले, "बाई, तुमचं बेरिंग सुकलं." नशीब, तेवढ्यावर भागलं.

त्यांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण गावात ते कुणी घेतच नव्हतं. जिनिंग फॅक्टरीत तीस वर्षं फिटर होते म्हणून सगळे फिटर म्हणायचे. मी फिटरकाका म्हणत असे, आणि त्यांच्या बायकोला काकू. मूलबाळ नव्हतं. अंगाला कायम एरंडेलाचा आणि लोखंडाचा वास. नखं साफ करायची ती ड्रिलच्या बारीक पात्याने, तीही जेवायला बसल्यावर, आणि त्यावरून काकूंची रोज बोलणी खायची.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. बाजारात शेर जाऊन किलो आले होते, आणि खेड्यांच्या वाटांवर विजेचे खांब उभे राहायची वाट बघत आडवे पडले होते. सगळा गाव वीज कधी येते याच्या गप्पा मारत असताना फिटरकाका मात्र विजेचं नाव काढलं की थुंकायचे. "वीज म्हंजे सावकारीन," ते म्हणायचे. "महिना भरला का बिल घेऊन दारात उभी." इंजिनाचंही तेच. इंजिन तेल मागतं, पाणी मागतं, माणूस मागतं. तीस वर्षं त्यांनी इंजिनाचं मागणं पुरवलं होतं आणि ते त्याला विटले होते. "जे मागत नाही अन् देते, थे खरं यंत्र," हे त्यांचं आवडतं वाक्य. आपोआप फिरणारं, कशाचंही इंधन न लागणारं चाक बनवायचं, ही त्यांच्या आयुष्याची एकच गोष्ट होती. मी मलकापुरात गेले तेव्हा त्या खटपटीला बारा-तेरा वर्षं झालेली होती.

मी सातवीला विज्ञान शिकवत होते. शक्ती निर्माण करता येत नाही, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे पुस्तक कोठी छापलं?"

"पुण्यात."

"पुन्यात कापूस पिकते काय?"

"नाही."

"मंग त्यायले काय मालूम?" माझं गाव सातारा, पण भुसावळच्या पलीकडचं सगळं त्यांना पुणंच होतं.

घरात कोणतीही हालचाल फुकट जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा कायदा होता. स्वयंपाकघराचं दार उघडलं की दोरी ओढली जाऊन ताकातली रवी फिरायची. ओसरीवरच्या झोपाळ्याला, तिकडे बंगई म्हणतात, त्यांनी एक पंप जोडला होता. बंगईवर कुणी बसून झोके घेतले की हौदातलं पाणी वरच्या पिंपात चढायचं. पाहुणा आला की त्याला आग्रहाने बंगईवर बसवायचे, आणि पिंप भरेपर्यंत त्याला उठू द्यायचं नाही. काकूंचा एक मावसभाऊ तर लग्नाची पत्रिका द्यायला आला आणि दोन तास झोके घेऊन, घामाघूम होऊन, पत्रिका न देताच गेला.

घरामागे पत्र्याची शेड होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: शक्ती संशोधन मंडळ, मलकापूर. दर रविवारी दहा वाजता मंडळ भरायचं. मुख्य माणसं चार. एक स्वतः फिटरकाका. दुसरे लोखंडाचे व्यापारी, त्यांना सगळे शेठ म्हणत. तिसरे जळगाव जामोदचे एक निवृत्त गुरुजी, ते पहाटेच्या बसने यायचे आणि चाक वजनावर नाही तर लोहचुंबकावरच फिरेल, असं दर रविवारी सांगून संध्याकाळच्या बसने परत जायचे. चौथे रोहिणखेडचे कादरभाई, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवणारे. शिवाय येऊन-जाऊन तीन-चार जण. माझं अक्षर बरं म्हणून मला मंडळाची चिटणीस केलं. दर रविवारी काय ठरलं ते वहीत लिहायचं, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या.

या मंडळाचा एक नियम होता. तसा नियम मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. मंडळातल्या माणसाने मंडळातल्या माणसाकडे उधारी मागायची नाही. द्यायला कुणाची ना नव्हती, पण मागायचं नाही, चाक फिरेपर्यंत. कुणी कुणाकडून पैसे घेतले, लोखंड घेतलं, तर चिठ्ठी लिहायची: 'चाक फिरल्यावर एका महिन्यात देईन.' त्या चिठ्ठ्या शेडमध्ये एका तारेला टोचून ठेवलेल्या असत. चाक फिरलं म्हणजे काय, तेही लिहून ठेवलेलं होतं. सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत, कुणाचा हात न लागता. ते फिरलं की नाही हे फिटरकाकांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मानायचं. का मानायचं? तर त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य होतं: "चाक खोटं बोलत नाही, मानूस बोलते. अन् म्या चाकाचा मानूस हाये."

"उधारी मांगतली का डोस्कं बंद पडते," ते मला समजावून सांगायचे. "मांगनारा बी बंद, देनारा बी बंद. मंग चाक कोन फिरवन?" मी चिटणीस झाल्यावर तर त्यांनी माझ्याकडून भाडं घेणंच थांबवलं. मंडळातल्या माणसाकडे मागता येत नाही, झालं! पहिल्या महिन्यात मला गंमत वाटली, दुसऱ्या महिन्यात लाज. तिसऱ्या महिन्यापासून मी भाड्याचे पैसे काकूंच्या तांदळाच्या डब्यात टाकू लागले. काकूंना ते कळत होतं, फिटरकाकांना नव्हतं. त्या घरात जे काही चालायचं ते असंच चालायचं.

कादरभाईंबद्दल वेगळं सांगायला हवं. उंच, काटकुळे, डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग. बोलणं कमी. रोहिणखेडहून सायकलीने यायचे आणि येताना काकूंसाठी वांगी नाहीतर हिरव्या मिरच्या आणायचे. चाकाच्या आठ भुजा, आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला बिजागरीवर हलणारी वजनाची हातोडी, हे सगळं त्यांनी तीन वेळा घडवलं होतं, कारण फिटरकाकांनी तीन वेळा आकडेमोड बदलली. मजुरी कधी घेतली नाही. लोखंड शेठच्या दुकानातून यायचं. फिटरकाकांच्या स्वतःच्या नावावर इतक्या चिठ्ठ्या झाल्या होत्या, की घर विकून त्याच जेमतेम फिटल्या असत्या. तेव्हा कादरभाई म्हणाले होते, "मेरे नाम पे लिखो." तारेवर कादरभाईंच्या नावाची चिठ्ठी चढली, आणि ती मोठी म्हणून तिच्यात एक ओळ जास्तीची होती: महिन्यात पैसे न दिल्यास रोहिणखेडचं दुकान शेठचं. घरात आठ खाणारी तोंडं आणि सगळा संसार त्या दुकानावर. पण चाक फिरणार म्हणजे सगळेच श्रीमंत होणार, अशी सगळ्यांची खात्री होती. त्यामुळे ती ओळ लिहिताना कुणाचाच हात कापला नाही.

माझ्या पाचव्या वर्षी, चैत्रात, फिटरकाकांनी एका मोडीत निघालेल्या लॉरीची बेरिंगं आणली. आठवडाभर ती घासूनपुसून चाकाला बसवली. कधी नव्हे ते आवाज बंद. जेवताना नखंसुद्धा साफ केली नाहीत. "पहिले घरात, मंग दारात," एवढंच म्हणाले. म्हणजे आधी गुपचूप स्वतः पाहायचं, मग मंडळाला दाखवायचं. शनिवारी उजाडता उजाडता त्यांनी चाकाला एकदा हात लावला आणि समोर स्टूल टाकून बसले.

शाळा सकाळची होती. बाराला परत आले, तर चाक फिरत होतं. टक्… टक्… हातोड्या एकेक करून पडत होत्या. उन्हाने पत्रा तापलेला, आणि हा माणूस त्या भट्टीत घामाने निथळत बसलेला. मी तासभर तिथे उभी राहिले. संध्याकाळी गेले, फिरत होतं. माझ्या पुस्तकातली ती ओळ मला शंभरदा आठवली, आणि मी खरंच सांगते, मला तिची कीव आली. मुलांना आता काय शिकवायचं, असाही विचार मनात आला. रविवारी पहाटे त्यांनी माझ्या दारावर थाप मारली. "बाई, या. पाहा." शेडच्या फटीतून ऊन आत आलं होतं. चाक फिरत होतं. त्यांचे डोळे लाल होते आणि ते मधूनच हसत होते, मधूनच उपरण्याने नाक पुसत होते. मग त्यांनी स्वतःच्या हाताने चाक थांबवलं आणि त्यावर गोणपाट टाकलं. "धा वाजता मंडळापुढं गोनपाट काढतो. तवरक कोनाले काही सांगू नका." अंघोळ करून त्यांनी लग्नातला कोट घातला. मलकापूरच्या चैत्रात, कोट!

दहाला मंडळ भरलं. शेठ त्या दिवशी उशिरा आले आणि आल्या आल्या बसले नाहीत. शेठ वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तेरा-चौदा वर्षं त्यांनी नियम पाळला होता. पण आता त्यांच्या भावांनी वाटणी मागितली होती.

"कादर," ते म्हणाले, "म्या तुले कवा पैसे मांगतले?"

"कभी नहीं, शेठ."

"आजबी मांगत नाही. नियम हाये. पन भाऊ म्हंतात, या चिठ्ठ्या चुलीत घाल. म्या म्हनलं, चिठ्ठ्या खऱ्या हायेत. म्हनून आजच सांगून ठेवतो. ज्या दिवशी चाक फिरन, त्या दिवशीपासून एक महिना. एकतिसाव्या दिवशी दुकानाले माझं कुलूप. मंग दोस्ती मधात आनाची नाही."

"अहो शेठ," गुरुजी म्हणाले, "चाक फिरल्यावर पैशाला काय तोटा?"

"महिन्याभरात? चाक काय नोटा छापते? चाक फिरलं म्हंजे पहिले लोकायले दाखवा, मंग सरकारले दाखवा. दोन वर्षं त्यातच जातीन."

हे इतकं साधं होतं. पण इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. चाक फिरायला हवं, एवढंच सगळे धरून बसले होते. फिरल्यानंतरच्या तिसाव्या दिवसाचा विचार कुणी केलाच नव्हता. कादरभाई खाली बघत होते. मग किंचित हसून म्हणाले, "लिख्या है तो लिख्या है, शेठ. पन आता चाक फिरलं त मी हासू का रडू, थेच समजून नाही राह्यलं."

शेठ फिटरकाकांकडे वळले. "तुमी काऊन चूप? अन् हा कोट कायचा? गोनपाटाखाली काय हाये?"

"चाक हाये."

"फिरलं काय?"

फिटरकाका उठले. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, गोणपाटाची कड उचलून आसाला टेकवला आणि कानाला लावला. थांबलेल्या चाकात ऐकण्यासारखं काय असतं? तरी ते ऐकत राहिले. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "नाही. नाही फिरलं."

"काका…" मी म्हणाले.

"बाई, लिहा. नव्या बेरिंगावर चाक लावून पाह्यलं. चाक फिरलं नाही."

मी लिहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. कादरभाई उर्दूत सही करत, त्यांनी ती नेहमीपेक्षा सावकाश केली. मंडळ उठल्यावर मी फिटरकाकांशी भांडले. तुम्ही हे काय केलंत, म्हणून अक्षरशः ओरडले. ते कोट काढून घडी घालत होते. "चाक परत फिरवता येते, बाई," ते म्हणाले. "कादर थोडे थोडे पैसे देऊन मोकळा होईन, मंग फिरवू. मानूस तुटला का जोडता येत नाही. मंडळ एक राह्यलं पायजे." एवढं बोलून ते शेडमध्ये गेले आणि आतून कडी लावली. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतका अभिमानही वाटला होता, की मी रडायलाच लागले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात काकू भाकरी थापत होत्या. हात थांबवून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, त्यायले समजलं का वो?"

"काय समजलं?"

"मंग थे नाही फिरलं काऊन म्हनले? एवढं म्या फिरवलं, अन् हे म्हंतात नाही फिरलं!"

मला आधी कळेचना. मग त्यांनी सगळं सांगितलं. फिटरकाका सकाळी न्याहारीला आणि दुपारी जेवायला आत आले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मी बसते चाकापाशी. दोन्ही वेळा चाक मंदावलेलं दिसलं, त्यांनी हाताने एकेक रेटा दिला. चांगल्या बेरिंगावरचं जड चाक, एका रेट्यात तीन-चार तास चालायचं. संध्याकाळी ते अंघोळीला गेले, आणखी एक रेटा. रात्री ते स्टुलावर डुलक्या घेत होते आणि काकू चहाच्या निमित्ताने ये-जा करत होत्या. सात-आठ वेळा तरी, असं म्हणाल्या. "किती वर्षं झाले, बाई. एकडाव तरी त्यायच्या मनासारखं झालं पायजे. म्या काय वाईट केलं?"

मला हसू आलं. मग चिठ्ठ्यांचा नियम आणि कादरभाईंच्या दुकानाची ती ओळ मी त्यांना सांगितली, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. "बायायले कोन सांगते वो," त्या म्हणाल्या. कादरभाईंच्या बायकोचं बाळंतपण त्यांनी स्वतः केलेलं होतं. त्यांनी चुलीकडे हात केला आणि शपथ घेतली, पुन्हा त्या चाकाला बोट लावणार नाही. आणि मी कुणाला सांगणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. म्हणजे आपण खोटं बोललो असं फिटरकाकांना वाटत होतं, आणि वहीत माझ्या अक्षरात खरं तेच लिहिलेलं होतं. हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मला तेव्हा वाटलं, चला, सगळ्यांचं भलं झालं. किती मूर्ख होते मी!

कारण मंडळ एक राहिलं नाही. लॉरीच्या बेरिंगावरही चाक फिरलं नाही म्हटल्यावर लोकांचा धीरच सुटला. गुरुजींनी जळगाव जामोदला लोहचुंबकवाल्यांचं वेगळं मंडळ काढलं आणि येऊन-जाऊन असणारे सगळे तिकडे गेले. शेठ तीन महिन्यांनी शेवटचे आले. "फिटर, चाक फिरलं असतं त म्या राह्यलो असतो," असं म्हणाले. तारेवरच्या एकाही चिठ्ठीला त्यांनी हात लावला नाही. नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला, मंडळ मात्र सोडलं. जाताना ते फिटरकाकांच्या पाया पडले. फिटरकाकांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. एका शब्दात ते सगळ्यांना थांबवू शकत होते, असं त्यांना वाटत होतं, आणि तो शब्द त्यांना उच्चारता येत नव्हता.

राहिले कादरभाई. दर रविवारी सायकलीने यायचे, वांगी आणायचे. दोघं शेडमध्ये बसायचे, आणि मी वहीत लिहायची: 'उपस्थिती दोन. चाक लावून पाहिलं. फिरलं नाही.' कादरभाई महिन्या-दोन महिन्यांनी शेठच्या दुकानात थोडे पैसे नेऊन द्यायचे, कुणी न मागता. पुढच्या चार वर्षांत फिटरकाकांनी चाक किती वेळा लावलं, त्याला गणती नाही. तेच बेरिंग, तीच वजनं, तेच तेल. तीन-चार तासांत चाक थांबायचं. ते आसाला स्क्रूड्रायव्हर लावून बसून राहायचे. बंगईचा पंप बिघडला तो त्यांनी दुरुस्त केला नाही. रवीची दोरी तुटली, काकू हाताने ताक घुसळू लागल्या. घरात हालचाली फुकट जाऊ लागल्या, आणि त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं.

मग माझी बदली बुलढाण्याला झाली. दोन वर्षांनी काकूंनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं: त्यांची तब्येत बरी नाही, येऊन जा. मी गेले तेव्हा ते खाटेवर होते. पूर्वीच्या निम्मेही राहिले नव्हते. उशाला स्क्रूड्रायव्हर. मला पाहून त्यांनी तो उचलला, छातीला टेकवला आणि मूठ माझ्या कानाकडे केली. "ऐका बाई. घासून राह्यलं." मी ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही.

काकू पायांशी बसल्या होत्या. मूठ खाली घेऊन ते म्हणाले, "बाई, तुमाले मालूम हाये. चाक फिरलं व्हतं. तुमी पाह्यलं."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"फिरलं व्हतं, अन् म्या नाही म्हनलं. चाकाले खोटं पाडलं. म्हनून थे रुसलं. चाक खोटं बोलत नाही, अन् खोटं बोलनाऱ्याच्या हातानं फिरतबी नाही. सहा वर्षं झाले, झोप नाही मले. एवढं दिलं त्यानं, अन् म्या त्याच्यावर गोनपाट टाकलं." ते रडत होते. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. "मले मरनाचं काही नाही वाटत. पन हे खोटं घेऊन जावं लागते."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून, सांगू नका, अशी खूण केली. हो म्हणायला हवं होतं की नाही, तेच मला तेव्हा कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. काकूंनी मात्र पदर सावरला, खाटेजवळ सरकल्या आणि त्यांचा हात धरला.

"तुमी खोटं नाही बोलले," त्या म्हणाल्या. "थे म्या फिरवलं व्हतं."

"काय?"

"चाक. तुमी जेवाले आले तवा. अंघोळीले गेले तवा. रातभर. तुमचा डोया लागला का म्या रेटा देत व्हती."

ते काकूंकडे बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या. "म्हंजे," ते म्हणाले, "म्या चाकाले खोटं नाही पाडलं?"

"नाही."

"वहीत हाये थे खरं हाये?"

"खरं हाये."

"बाई, वही आना."

वही शेडमध्ये होती, चिठ्ठ्यांच्या तारेखाली. धूळ झटकून मी ते पान काढलं. माझं अक्षर, खाली सह्या, कादरभाईंची सावकाश केलेली सही. मी वाचलं: "नव्या बेरिंगावर चाक लावून पाह्यलं. चाक फिरलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. कितीतरी वर्षांनी मी ते पाहत होते. त्यांनी काकूंचा हात थोपटला. मला तेव्हा वाटलं, काकूंनी बरोबर केलं.

"अजून एकडाव वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं, "चाक फिरलं नाही."

या वेळी ते हसले नाहीत. काकूंच्या हातातून त्यांनी हात सोडवून घेतला, भिंतीकडे कूस वळवली आणि म्हणाले, "एकडावबी नाही."